नणंदबाईंची पकड

आमच्या नणंदबाईंइतकं दमवणारं माणूस कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आजवर उतरलेलं नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे. या किनाऱ्यावर सोनं शोधणारे उतरले, देशोदेशीचे खलाशी उतरले, आणि हल्ली तर दर आठवड्याला कोणाचे ना कोणाचे आईवडील मेथीचे लाडू घेऊन उतरत असतात. त्यातले काही नमुने मी स्वतः विमानतळावरून घरी आणलेले आहेत. पण ताईंची सर कोणालाच नाही. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सॅन फ्रान्सिस्कोच्या उभ्या चढांवर त्या जुन्या लाकडी केबल कार चालतात ना, ज्यांना लटकून फोटो काढल्याशिवाय पाहुण्यांची अमेरिका पूर्ण होत नाही, त्यातली एक ताई चालवत. इतर बायकांच्या नणंदा कार्डिऑलॉजिस्ट असतात, डायरेक्टर असतात, अगदीच काही नाही तर घरं विकतात. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाच्या रांगेत कोणी विचारलं, "तुमच्या सिस्टर-इन-लॉ काय करतात?" तर मी सुरुवातीला "ट्रान्सपोर्टेशनमध्ये आहेत" असं म्हणून श्रीखंडाकडे वळत असे. ताई त्याच रांगेत मागे असायच्या. तिथूनच त्यांचा आवाज यायचा, "ट्रान्सपोर्टेशन काय, नीट सांग की. दोराची गाडी चालवते मी."

मग रांग थांबायची आणि ताई दोराची गाडी समजावून सांगायच्या. या गाडीला इंजिन नसतं. रस्त्याखालून एक पोलादी दोर दिवसभर एकाच वेगाने पळत असतो. गाडीच्या पोटातून खाली गेलेली एक अवाढव्य सांडशी तो दोर पकडते, की गाडी निघाली. दोर सोडला आणि ब्रेक लावले, की गाडी थांबली. दोर सोडला आणि ब्रेक नाही लावले, तर पुढचं उताराच्या मर्जीवर. ही सांडशी आवळायचा उंच दांडा ज्याच्या हातात, त्याला ग्रिपमन म्हणतात, मग तो बाई का असेना. एवढं सगळं ताई हातात भाताचं ताट धरून, दुसऱ्या हाताने हवेतला दांडा ओढत सांगायच्या, आणि ऐकणाऱ्याच्या शर्टावर आमटी सांडेपर्यंत त्यांचं समाधान व्हायचं नाही.

त्या मुळात कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई. लग्न केलं नाही. "स्थळं यायची, पण पकड ढिली होती सगळ्यांची," एवढंच त्या त्याबद्दल सांगतात. माझ्या नवऱ्याने त्यांना इकडे आणायला अर्ज केला तेव्हा त्या कबड्डी खेळत होत्या, आणि बोलावणं आलं तेव्हा कबड्डी शिकवत होत्या, इतकी ती व्हिसाची रांग लांब. फ्रीमाँटच्या आमच्या घरात आल्या त्या शिट्टीसकट. घरात बसून राहणं त्यांना जमण्यातलं नव्हतं, आणि त्या घरात बसून राहिल्या तर मला जमण्यातलं नव्हतं. म्हणून त्यांना सॅन फ्रान्सिस्को शहराच्या बससेवेत नोकरी लागली तेव्हा मी पेढे वाटले. काही वर्षं त्यांनी बस चालवली, शहरातच एक खोली घेतली, आणि शनिवार-रविवार आमच्याकडे येऊन आठवड्याभराची शिस्त भरून काढू लागल्या. मग एकदा कोणा पाहुण्यांबरोबर त्या केबल कारमध्ये बसल्या. बसल्या म्हणजे उभ्याच राहिल्या, चालवणाऱ्याच्या पाठीशी, त्याच्या हातांकडे बघत. घरी येऊन चहा घेताना नवऱ्याला म्हणाल्या, "बाळू, हे मला जमणार."

पहिल्यांदा नाही जमलं. त्या प्रशिक्षणात चांगले दणकट पुरुष गळतात, आणि ताईंची उंची आमच्या फ्रीजच्या दाराच्या मुठीपासून फार वर जात नाही. नापास होऊन आल्या त्या मुकाट जेवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या जिन्याच्या कठड्याला व्यायामाचा रबरी पट्टा बांधून मागे रेलून ओढायला लागल्या. मी म्हटलं, "ताई, तो कठडा नुसता शोभेचा आहे." त्या म्हणाल्या, "बघू." एका रविवारी कठडा निघाला. ताई पट्ट्यासकट सोफ्यावर पडल्या आणि पडल्यापडल्याच म्हणाल्या, "म्हणजे आता जोर आला." पुढच्या वेळी त्या पास झाल्या. कठडा अजून तसाच तिरका आहे. नवरा म्हणतो, बसवू कधीतरी.

त्यानंतर आमच्या घरातली प्रत्येक वस्तू आवळली गेली. ताईंनी बंद केलेला नळ ताईंनीच उघडावा, त्यांनी लावलेलं झाकण त्यांनीच काढावं. एकदा मंडळाच्या गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी लिंबाचं लोणचं नेलं. बरणी शनिवारी ताईंनी बंद केलेली, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. मंडळाने भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या कॅफेटेरियात ती बरणी पुरुषांच्या हातांतून फिरली. त्यात रोज जिमला जाणारे होते, मॅरेथॉन धावणारे होते आणि एक हाडांचे सर्जन होते. सर्जनसाहेबांनी टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून जोर लावला आणि मग मनगट चोळत मला म्हणाले, "वहिनी, हे झाकण नाही, हे वेल्डिंग आहे." तेवढ्यात ताई फुलं घेऊन तिथून गेल्या, जाताजाता झाकण काढून टेबलावर ठेवलं आणि सर्जनना म्हणाल्या, "डॉक्टर, सूर्यनमस्कार घालत जा." त्याच दिवशी कोणीतरी आरतीची घंटा त्यांच्या हातात दिली. केबल कारला डोक्यावर एक घंटा असते आणि चौक ओलांडताना ग्रिपमन ती दोरीने वाजवतो, त्यात त्यांचा आपापला ठेका असतो. ताईंचा ठेका सुरू झाला आणि आरती म्हणणाऱ्यांचा सुटला. निम्मी माणसं एका कडव्यात, निम्मी दुसऱ्यात. मंडळाचे अध्यक्ष हळूच जवळ येऊन म्हणाले, "ताई, जरा सावकाश." ताई घंटा न थांबवता म्हणाल्या, "सावकाश वाजवलं तर ट्रक थांबत नाही."

माझ्या गाडीत त्यांना बसवणं ही तर वेगळीच शिक्षा. हायवेवर माझ्या शेजारच्या सीटवर बसून त्या पाय आपटत, हात आवळत, आणि मी लेन बदलायला लागले की म्हणत, "सोड, सोड आता, घरंगळू दे." मी म्हणायची, "ताई, मी हायवेवर आहे, घरंगळत कशी जाऊ?" तर म्हणत, "म्हणूनच तुला गाडी कळत नाही. तू सारखी पेडल मारतेस." माझी मुलगी मागच्या सीटवरून हे ऐकून हसायची. तिचं मराठी समजण्यापुरतं आहे, बोलणं इंग्रजीत. "आई, रिलॅक्स," ती मला एकदा म्हणाली, "आत्या इज लिटरली द कूलेस्ट पर्सन इन अवर फॅमिली." आमच्या कुटुंबात माणसं चारच आहेत, आणि त्यातली एक मी आहे, हे मी त्यावेळी मनात नोंदवून ठेवलं.

ताईंच्या गाडीतले प्रवासीही सुटले नव्हते. "हँग ऑन, कर्व्ह" हे त्या इंग्रजीत ओरडत. पण खरा राग आला की मराठी यायचं. "पाय आत" म्हटलं की जपानी, जर्मन, ब्राझीलचे सगळे पाय आत जात. शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचा फोन आला होता. "तुझ्या नणंदेच्या गाडीत बसलो होतो आम्ही," ती म्हणाली. "माझे सासरे बाहेर वाकून व्हिडिओ काढत होते. त्यांना फोन खिशात टाकायला लावला. मग गाव विचारलं. सासरे निघाले इस्लामपूरचे, तर उतरेपर्यंत त्यांना मामा म्हणाल्या. फोन मात्र शेवटपर्यंत काढू दिला नाही." मी माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, माफी कसली, सासरे आता सगळ्यांना तेवढंच सांगतात. ब्रिज पाहिलेला त्यांना आठवत पण नाही."

असं सगळं चाललं होतं, आणि माझी तक्रारही त्याच वेगाने चालली होती, तेव्हा नाशिकहून माझे आईबाबा आले. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, शांत, पण आपल्या तब्येतीबद्दल फाजील अभिमान बाळगणारे. ताईंनी फर्मान काढलं की एका सकाळी मी दोघांना घेऊन शहरात यायचं आणि त्यांच्याच गाडीत बसायचं. त्या सकाळी धुकं इतकं होतं की रूळ ओले झाले होते. आई आणि मी पुढच्या उघड्या भागात बाकावर बसलो. बाबा म्हणाले, मी पायरीवर उभा राहणार. बाहेरच्या बाजूला पाय ठेवायला लांब फळी असते आणि धरायला दांडा, तिथे. ताई म्हणाल्या, "काका, आत बसा. आज ओलं आहे." बाबा म्हणाले, "मी ठणठणीत आहे, ताई." ताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मग माझ्या डाव्या हाताला या. माझ्या शेजारी. पलीकडे जायचं नाही." बाबा त्यांच्याजवळच्या दांड्याला धरून उभे राहिले आणि विजयी चेहऱ्याने आईकडे बघू लागले.

चढ संपला, उतार लागला. ताईंच्या चेहऱ्यावर मी एरवी कधी पाहिली नव्हती अशी शांतता होती. मी त्यांना काम करताना नीट पाहत होते ते तेव्हाच, कारण इतकी वर्षं मी फक्त त्यांच्याबद्दल बोलत आले होते. उताराच्या मध्यावर एका घराच्या गॅरेजमधून सामानाचा एक ट्रक उलटा बाहेर आला, घंटा न ऐकता, आणि सरळ रुळांवर आडवा थांबला. ताईंनी दोर सोडला, पायाखालचा ब्रेक दाबला, रुळांवर लाकडी ठोकळे टेकवणारा दुसरा ब्रेक ओढला. जळक्या लाकडाचा वास आला. गाडी ओल्या रुळांवरून घसरतच राहिली. मग त्यांनी लाल दांडा ओढला. तो अगदी शेवटचा उपाय. त्याने पोलादाची पाचर रस्त्याच्या फटीत घुसते आणि गाडी जागच्या जागी खिळते. गाडी खिळली. आतले आम्ही सगळे एकमेकांवर आदळलो. बाबांचा दांडा सुटला आणि ते पुढे, ट्रकच्या दिशेने फेकले गेले. म्हणजे फेकले जायला हवे होते. ताईंचा उजवा हात लाल दांड्यावर होता आणि डाव्या हाताने त्यांनी बाबांचा स्वेटर पाठीमागून धरला होता. बाबांचा एक पाय हवेत, एक फळीवर, चष्मा रस्त्यावर. गाडी आणि ट्रक यांच्यात जेमतेम एक माणूस चेंगरेल एवढी जागा होती, आणि तो माणूस ताईंच्या मुठीत होता.

मग ताई म्हणाल्या, "सांगितलं होतं ना, आत बसा."

बाबा काहीतरी म्हणायला लागले. "आभार नंतर," ताई म्हणाल्या, "आधी चष्मा उचला, कोणीतरी तुडवेल." ती पाचर फटीत अशी रुतली होती की कारागिरांना येऊन ती कापून काढावी लागली, आणि तोवर मागच्या सगळ्या गाड्या खोळंबल्या. ताई फुटपाथच्या कडेला बसून ट्रकवाल्याला इंग्रजीत आणि कारागिरांना मधूनमधून मराठीत सूचना देत होत्या. त्यांनी डावा हात उजव्या हातात धरून ठेवला होता, पण थंडीमुळे असेल असं मला वाटलं. ताई डावखुऱ्या; संध्याकाळी आमच्याकडे चहाचा कप उचलताना तो हात वर येईना. त्यांनी बशी पुढे ओढली आणि खाली वाकून चहा प्यायल्या. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. आईच्या लक्षात आलं.

लोणच्याच्या बरणीवाल्या सर्जनसाहेबांना मी फोन केला. त्यांनी तपासून सांगितलं, खांद्याचा स्नायू फाटला आहे, ऑपरेशन लागेल. ताई त्यांना म्हणाल्या, "तुमचं मनगट कसं आहे आता?"

ऑपरेशननंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि एक हात गळ्यात बांधलेलं माणूस घरात एकाच वेळी किती ठिकाणी असू शकतं ते मला कळलं. मी पोळ्या लाटायला लागले की मागे त्या, "दाब, आता सोड, आता परत दाब." मी ऑफिसच्या मीटिंगला कॅमेऱ्यासमोर बसले की पाठीमागून त्या कढीपत्त्याला पाणी घालायला जात, आणि त्यांना पाहून माझा मॅनेजर विचारी, "इज दॅट द केबल कार लेडी?" फिजिओथेरपीला मीच त्यांना नेत असे. तिथल्या भल्या माणसाने त्यांना हात हळूहळू वर करायला सांगितला, तर त्यांनी त्याचीच पाठ सरळ करून घेतली. एक गोष्ट मात्र मी कधी पाहिली नव्हती ती घरात रोज व्हायला लागली. ज्यांनी उभ्या आयुष्यात स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही ते माझे बाबा दुपारी संत्री सोलून, शिरा काढून, एका वाटीत ताईंपुढे ठेवत. दोघं त्यावर भांडत. ताई म्हणत, "शिरा राहिल्यात." बाबा परत सोलत. परत जायच्या दिवशी बाबा विमानतळावर त्यांच्यासमोर नुसते उभे राहिले. ताईंनीच त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि म्हणाल्या, "विमानात पायरी नसते, बरं आहे."

नवऱ्याचं म्हणणं होतं की आता बस झालं. "ताई, रिटायर हो," तो म्हणाला. "इथे राहा, नाहीतर कऱ्हाडला घर बघू." माझं म्हणणं विचाराल तर मला तेच हवं होतं, आणि तेच नकोही होतं. ताई उठून बागेत गेल्या आणि आधीच भिजलेल्या कढीपत्त्याला पुन्हा पाणी घालत बसल्या. दांडा परत हातात घ्यायचा तर त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागणार होती. त्या रोज हात भिंतीवर चढवत. बोट बोट वर. तोंडातून आवाज नाही. त्या दिवसांत त्या मला गाडी चालवताना काही बोलेनाशा झाल्या. मला ती शांतता इतकी असह्य झाली की एकदा मी मुद्दाम चुकीच्या लेनमध्ये गेले. तरी त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

परीक्षेला मीच त्यांना घेऊन गेले. केबल कार ठेवायच्या वखारीबाहेर मी गाडीत थांबले. बऱ्याच वेळाने त्या आल्या, हातमोजे काढत. मी विचारलं, "काय झालं?"

"पास केलं त्यांनी."

"अहो, मग?"

"एका ठिकाणी दोर सोडायचा असतो. दुसरा दोर वरून जातो ना, तिथे. नाही सोडला तर सांडशी त्यात अडकते. सोडला मी. पण हात उशिरा आला."

"ते काही बोलले?"

"त्यांना दिसलं नाही. थोडासाच उशीर होता." त्यांनी हातमोजे नीट घडी करून पिशवीत ठेवले. "मी सांगितलं त्यांना."

मी म्हटलं, "कशाला सांगितलंत ताई? सराव केला असतात तर आला असता की हात वेळेवर."

"आला असता किंवा नसता," त्या म्हणाल्या. "गाडी माणसांनी भरलेली असते गं." मी गाडी सुरूच केली नाही. शेवटी त्यांनीच म्हटलं, "चल आता, मागे गाड्या थांबल्यात."

आता त्या कंडक्टर आहेत. म्हणजे त्याच गाडीच्या मागच्या भागात उभ्या राहतात, तिकिटं बघतात, आणि उतारावर गरज पडली तर मागचा ब्रेक फिरवतात. तो त्यांच्या उजव्या हाताला झेपतो. पुढचा दांडा आता एका उंच, मितभाषी माणसाकडे आहे. तो चांगला आहे असं त्या म्हणतात, आणि ताईंच्या तोंडून हे निघतं म्हणजे तो खरंच चांगला असणार. शनिवारी त्या आमच्याकडे येतात, माझ्या पोळ्यांना नावं ठेवतात, माझ्या मुलीला "थँक यू" ऐवजी काहीतरी मराठीत म्हणायला लावतात, आणि मी पूर्वीइतकीच वैतागते.

मागच्या महिन्यात मला शहरात काम होतं. ते लवकर संपलं, तेव्हा मी त्यांच्या गाडीची वाट पाहत थांबले आणि मागच्या भागात चढले. त्यांनी मला पाहिलं, तिकीट मागितलं, तपासलं, परत दिलं. गाडी रिकामीशी होती. शेवटच्या चढावरून गाडी वर आली आणि खालच्या उताराच्या टोकाला खाडीचं पाणी दिसायला लागलं. ताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पुढे त्या माणसाने दांडा ओढला. ताई तिकडे बघत नव्हत्या, पाण्याकडे बघत होत्या.

"इथे उभं राहिलं तरी पायाला कळतं," त्या म्हणाल्या. "दोर कधी धरला, कधी सोडला. आत्ता धरलाय बघ त्याने. घट्ट." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला कळतंय का?"

मी चप्पल सरळ केली, दोन्ही पाय फळीवर नीट टेकवले आणि लक्ष दिलं. मला नुसती थरथर लागत होती. कुठल्याही जुन्या गाडीत लागते तशीच.

"हो," मी म्हटलं.

त्यांना खोटं बरोबर ओळखता येतं, शाळेत मुलींचं ओळखायच्या तसं. पण त्या दिवशी त्या मला काही बोलल्या नाहीत. आम्ही दोघी तशाच पाय टेकून उभ्या राहिलो, आणि गाडी पाण्याच्या दिशेने उतरत गेली.